माणूस हे भांडवल आहे काय?



आपल्या घरात एक नवा शब्द येऊन बसला आहे. मुलगा तो कॉलेजातून घेऊन येतो, नोकरीच्या मुलाखतीला गेलेली मुलगी तो कचेरीच्या दारावरील पाटीवर वाचते. 'मानव संसाधन' हा तो शब्द. सप्टेंबर १९८५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण खाते ज्या नव्या मंत्रालयात घातले त्याचे नाव 'मनुष्यबळ विकास मंत्रालय' असे ठेवले. २०२० साली ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे या देशातील प्रत्येक शाळकरी पोर सरकारच्या दप्तरी 'बळ' म्हणून मोजले गेले. पाणी हे संसाधन, कोळसा हे संसाधन, जंगल हे संसाधन आणि त्याच रांगेत माणूसही. त्याच्या जोडीला दुसरा शब्द आहे, 'मानवी भांडवल'. हे शब्द ऐकावयास भारदस्त वाटतात आणि आपली मुले ते बिनदिक्कत बोलतात.

तुम्ही दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा रिकामा केला. जुने देव गेले, नवस गेले, अंगात येणे गेले. परंतु धम्मात आलेल्या माणसाने देवांचीच तेवढी पारख करावयाची आणि शब्द मात्र जसे येतील तसे घरात घ्यावयाचे, असे नाही. म्हणून आज हा एकच प्रश्न घेऊ. माणसाकडे भांडवल म्हणून पाहणे बौद्ध घराला शोभते काय?

हा विचार वाईट हेतूने जन्माला आलेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १७७६ साली ॲडम स्मिथ या स्कॉटिश पंडिताने लिहिले की, कारागीर जे कसब शिकतो त्याला पैसा आणि वेळ लागतो, आणि एखाद्या यंत्राप्रमाणे ते कसब पुढे तो खर्च भरून काढते. १९६० साली थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून भाषण केले ते याच विषयावर. देशाची संपत्ती जमीन, यंत्रे आणि मजुरांचे तास यांच्या वाढीपेक्षा जास्त वाढते, ती वाढ येते कोठून? त्यांचे उत्तर होते, लोकांच्या शिक्षणातून आणि आरोग्यातून. १९६४ साली गॅरी बेकर यांनी 'मानवी भांडवल' याच नावाचे पुस्तक काढले. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, शुल्ट्झ यांना १९७९ साली आणि बेकर यांना १९९२ साली.

गंमत अशी की, शुल्ट्झ यांना स्वतःला ठाऊक होते की या शब्दाने लोक दचकतील. माणसाला संपत्ती म्हटले की गुलामांचा बाजार आठवतो, हे त्यांनी त्या भाषणातच कबूल केले. जॉन स्टुअर्ट मिल यांचे मतही त्यांनी दिले. मिल यांचे म्हणणे असे की संपत्ती ही माणसांसाठी असते, म्हणून माणसांनाच संपत्तीत धरता येत नाही. शुल्ट्झ यांना ते पटले नाही. माणूस स्वतःवर खर्च करून स्वतःपुढच्या वाटा वाढवितो, त्यात त्याचा अपमान कसला, असे त्यांनी विचारले.

प्रश्न वाजवी आहे. आपल्याला तर या विचाराचा उपयोगही झाला आहे. मुले शिकली तर देश कमावतो, हा युक्तिवाद ज्या सरकारांना न्याय कळत नाही त्यांनाही कळतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तुमच्या घरातला मुलगा जी शिष्यवृत्ती घेतो तिचे मूळ तेथे आहे. परंतु बाबासाहेबांनी कॉलेजे काढली ती गिरण्यांना आणि कचेऱ्यांना हात पुरवावयास काय? मुंबईत १९४६ साली काढलेल्या कॉलेजला त्यांनी सिद्धार्थाचे नाव दिले. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला जे कॉलेज निघाले त्याला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले. मिलिंद कोण? नागसेन भिक्खूंना प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा राजा. त्या कॉलेजात मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली पोरे शिकली. त्यांच्या शिक्षणावर नाव कोरले गेले ते प्रश्न विचारणाऱ्याचे.

आता आपल्या अंगणातला हिशोब पाहू.

महारवतन म्हणजे काय होते, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. सरकारी टपाल पोचविणे, दवंडी देणे, मेलेले जनावर ओढणे, गावात कोणी मेले तर परगावी सांगावा नेणे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, ही कामे. त्यांचा मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि रयतेने दिले तर बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारने हे सारे पक्के करून टाकले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की, वतनदार घरी नसला तर त्याच्या बापाला धरतात, घरातील मिळेल त्याला धरतात. एका माणसाच्या नावावर अख्खे घर राबत होते. ते बिल १९२९ साली त्यांना मागे घ्यावे लागले. अशी वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतरही दोन वर्षे.

या हिशोबात माणूस काय होता? भांडवल होता काय? गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी एक मुद्दा मांडला आहे, तो वाचताना अंगावर काटा येतो. गुलाम ही धन्याची मालमत्ता. तो मेला तर धन्याचा पैसा बुडतो. म्हणून धनी त्याला खाऊ घाली, आजारात औषध करी, कसब शिकवी, कारण कसबी गुलामाची किंमत अधिक. रोमन काळात दलदलीच्या, हिवतापाच्या शिवारात गुलामांना न पाठवता मोलाचे मजूर पाठवावेत असा सल्ला दिला जाई. मोलाचा मजूर मेला तर कोणाचेच काही जात नव्हते. अस्पृश्याची गत अशी की कायद्याने तो कोणाची मालमत्ता नव्हता, आणि समाजाने त्याला माणूस मानले नाही. मालमत्तेला मिळणारी काळजी नाही आणि माणसाला मिळणारा मानही नाही. काम सर्वांचे करावयाचे, आजार मात्र ज्याचा त्याने काढावयाचा. बाबासाहेब येथे गुलामगिरीची तरफदारी करीत नाहीत, हे सांगावयास नकोच.

हा जुन्या काळचा हिशोब आहे असे समजू नका. गटारात उतरणारा माणूस आजही त्याच खात्यात आहे. मैला हाताने उचलण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. न्यायालयाचे उपकार मानले पाहिजेत. परंतु ठेकेदार यंत्र भाड्याने आणण्याऐवजी माणूस उतरवितो तो का? यंत्र बिघडले तर त्याला भरपाई द्यावी लागते आणि ती चुकत नाही. माणूस गेला तर ती चुकविता येईल अशी त्याला आशा असते.

येथे तुम्ही म्हणाल, मग भांडवल झालेले बरे नाही काय? निदान कोणी जपेल तरी. जपेल, पण पीक येईतोवर. आणि जपणे म्हणजे काय, हे ज्याचे पीक तो ठरवील.

ऊसतोडीचेच घ्या. दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात. आपल्यातलीही कितीतरी घरे त्यांत आहेत. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी धरली जाते आणि या जोडीला नाव काय? 'कोयता'. मुकादम विचारतो, किती कोयते आणलेस? दोन माणसांचा मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. हातातल्या हत्याराचेच नाव माणसाला चिकटले आहे आणि ते कोणाला खटकतही नाही, तोडणाऱ्यांनाही नाही. एक दिवस काम चुकले तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. बाईला पाळी आली, पोटात कळा आल्या, अंगावरून जाऊ लागले तरी खाडा तो खाडाच. मग कोणी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाक. कर्ज काढून तिशीच्या आतबाहेरच्या बाया गर्भाशये काढून घेऊ लागल्या. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

हे अर्थशास्त्राच्या वहीत मांडून पाहा. शस्त्रक्रियेचा खर्च ही गुंतवणूक. वाचलेले खाडे हा परतावा. बेरीज-वजाबाकी अगदी चोख जमते. माणूस स्वतःवर खर्च करून आपले उत्पन्न वाढवितो, असेच तर शुल्ट्झ म्हणाले होते. त्यांना हे अभिप्रेत नव्हते, हे उघड आहे. परंतु त्यांच्या वहीत असा एकही रकाना नाही जेथे ही नोंद अडखळेल. त्या बाईला नंतर उठणारी कंबर, जडणारे विकार, आलेला कायमचा थकवा त्या वहीत येतील ते कामाचे दिवस कमी झाले म्हणून. तिला दुखले, एवढ्याने नाही.

जागतिक बँकेने २०१८ पासून मानवी भांडवलाचा एक निर्देशांक काढला. आज जन्मलेले मूल पूर्ण शिकले आणि पूर्ण निरोगी राहिले तर जेवढे उत्पादक होईल, त्याच्या किती हिस्सा ते प्रत्यक्षात होईल, असे त्याचे माप आहे. २०२० साली भारताचा आकडा ०.४९ होता, म्हणजे निम्म्याहून थोडा कमी. या आकड्याने सरकारला लाज वाटून शाळा आणि दवाखाने सुधारत असतील तर आकडा कामाचाच आहे. परंतु जन्मतः आंधळे-बहिरे, मतिमंद मूल या मापात कोठे बसवाल? तुमची आजी कोठे बसेल?

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते आणि हा हिशोब त्यांना कोणापेक्षाही चांगला येत होता. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी दाखविले की, शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडली आहेत, ती पिकवीत नाहीत पण खातात. १९३६ च्या, लाहोरच्या मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी जातीला आर्थिक कसोटीही लावली. जात श्रमांची वाटणी करते असे तिचे वकील म्हणतात, ती प्रत्यक्षात श्रमिकांची वाटणी करते. माणसाचा कल आणि अंगचे गुण न पाहता जन्मावरून धंदा लादते आणि म्हणून बेकारी वाढविते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि दुसऱ्यांना तो विटाळ वाटे. जास्त मजुरीचे खाते ते. असे हात अडवून ठेवल्याने देशाचे नुकसान झाले, हे खरे आहे.

परंतु आपण स्वतःला एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. समजा, नुकसान झाले नसते तर? समजा, अस्पृश्यता पाळून देशाचे उत्पन्न वाढले असते तर? हा प्रश्न हवेतला नाही. १९७४ साली फोगेल आणि एंगरमन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी आकडेमोड करून सांगितले की, अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांचे मळे तोट्यात नव्हते, धंदा चांगला किफायतीचा होता. त्यावर पंडितांत मोठा वाद झाला. तो वाद कोणीही जिंको, गुलामगिरी रतिभर तरी बरी ठरते काय? जो मनुष्य अन्यायाला 'तोटा' एवढे एकच नाव देतो, त्याच्या हातून नफ्याच्या दिवशी न्याय सुटतो. म्हणून बाबासाहेब तोट्यावर थांबले नाहीत. १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाच्या बिलाला विरोध करताना त्यांचा मुद्दा असा होता की, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे, आणि संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे रूप आहे. कापसाची गाठ वखारीत ठेवून मालक घरी जाऊ शकतो. मजुराला मात्र आपले श्रम विकताना स्वतः जावे लागते. त्याचे कसब त्याच्या अंगापासून वेगळे काढून टेबलावर ठेवता येत नाही.

आता धम्माकडे येऊ. येथे एक अडचण आहे आणि ती लपवू नये. इतर धर्म म्हणतात, माणसात आत्मा आहे म्हणून तो वस्तूहून निराळा. तथागतांनी आत्मा नाकारला. मग माणूस म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांचा समूह, एवढेच उरते. अशा समूहाला कोणी यंत्र म्हणून वापरले तर अडवावयाचे कशाच्या जोरावर?

आत्म्याच्या जोरावर आपल्याला काय मिळाले ते आधी पाहा. सर्वांठायी एकच आत्मा आहे असे सांगणाऱ्या देशातच पाण्याला शिवू दिले नाही. तथागतांनी दुसरी जागा धरली. जो दुःख भोगतो तो वस्तू नव्हे. यंत्र झिजते, त्याला दुखत नाही.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. तो प्रत्येक बौद्ध घरात सांगितला गेला पाहिजे, चमत्कारांच्या गोष्टींपेक्षा आधी. एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडला होता. आनंदांसह फिरत असता तथागत तेथे आले. तुझी सेवा करावयास कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. नाही, तो म्हणाला. का नाही? कारण इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा मी नाही. पुन्हा वाचा हे उत्तर. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघातही हाच हिशोब शिरला होता, उपयोग नाही तर सेवा नाही. तथागतांनी आनंदांकरवी पाणी आणविले. स्वतः पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजविले. नंतर संघाला बोलावून ते म्हणाले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील; ज्याला माझी सेवा करावी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. तो भिक्खू पुढे बरा होऊन संघाच्या उपयोगी पडला की नाही, हे त्या कथेत सांगितलेले नाही.

उपासकाने कोणते धंदे करू नयेत हे सांगताना तथागतांनी पाच व्यापार वर्ज्य केले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यांतला दुसरा पाली भाषेत 'सत्तवणिज्जा', आणि अट्ठकथेत त्याचा अर्थ दिला आहे माणसांची विक्री. आणि भांडवल? भांडवलाला पालीत शब्द आहे 'पाभत'. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की, राज्यात चोऱ्या होतात म्हणून लोकांना ठार मारून काही साधणार नाही. जो शेती करतो त्याला बी दे, व्यापार करू पाहतो त्याला पाभत दे, चाकरी करतो त्याला पोटभर वेतन दे. तेथे भांडवल माणसाच्या हाती ठेवले आहे. माणूस भांडवलात धरलेला नाही.

आता हे सारे घेऊन आपापल्या घरात शिरा, कारण मुकादम आणि ठेकेदार यांना बोल लावणे सोपे आहे. मुलीला आपल्याकडे 'परक्याचे धन' म्हणतात. धन! दुसऱ्याच्या घरी जाणार, मग तिच्या शिक्षणावर खर्च कशाला, हा मानवी भांडवलाचाच हिशोब आहे, अर्थशास्त्र न शिकता केलेला. दहावीनंतर मुलाला शहरातले वसतिगृह आणि मुलीला घरचा चुलखंड, असे ज्या घरात ठरते त्या घराने भिंतीवरचे सावित्रीबाईंचे चित्र कोणत्या तोंडाने पाहावे?

आणि हुंडा. १९६१ चा कायदा असूनही आपल्यात तो चालतो, आणि शिकलेल्यांत अधिक चालतो, ही आपली लाज आहे. शिपायाचा एक भाव, शिक्षकाचा दुसरा, इंजिनिअरचा तिसरा. वरबाप म्हणतो, आम्ही याच्या शिक्षणावर एवढा खर्च केला, तो भरून नको का निघावयास? लग्न त्रिशरण-पंचशील घेऊन लागते, वर-वधू पांढऱ्या वस्त्रांत उभे असतात, आणि आदल्या रात्री मुलाचा सौदा झालेला असतो. सत्तवणिज्जा ती हीच. यात विकला गेला तो नवरा मुलगा, हे त्याच्याही ध्यानात येत नाही.

घरात थकलेला बाप असतो. ज्याने हमाली करून, पाटी वाहून पोरे शिकविली, तो आता खोकत बसतो आणि पाहुणे आले की त्याची खाट मागच्या खोलीत जाते. महावग्गातला भिक्खू तो हाच. त्याच्या पेन्शनीचा दिवस मात्र सर्वांच्या लक्षात राहतो.

आपल्यातली काही घरे आता सुस्थितीत आली आहेत. फ्लॅट झाला, दोघे नोकरीला, मग धुणे-भांड्याला बाई आली. मोलकरीण हा शब्द 'मोल' यावरूनच आलेला. ती बहुधा आपल्यासारख्याच कोठल्यातरी वस्तीतून येते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी तरुण सिगालाला सहा दिशांचा नवा अर्थ सांगितला. त्यांतली खालची दिशा म्हणजे घरातले नोकरचाकर. धन्याने त्यांच्याशी पाच प्रकारे वागावे असे तेथे आहे: झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, घरात काही विशेष गोडधोड झाले तर त्यात वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. आजार आणि सुट्टी या दोन्हींचे नाव यात आले आहे. वैशाख पौर्णिमेला तुमच्या घरी खीर होईल. बाईला ती मिळेल काय, आणि घरच्यांच्याच वाटीतून मिळेल काय? आणि महिनाअखेर कॅलेंडरवर तिच्या नावाने जे दिवस काट मारून ठेवलेले असतात त्यांनाही आपल्या घरात 'खाडे'च म्हणतात. या महिन्यात ते किती झाले आणि त्यांतल्या किती दिवशी ती आजारी होती, हे तिलाच विचारा. पगार कापण्याआधी विचारा.